आधी तो कागद आण

प्रिय मुली,

परवा ओट्याशी उभी राहून तू कुर्त्याची कड जराशी वर केलीस आणि म्हणालीस, "काकू, पहिल्या सिझरचे टाके आडवेच आहेत. म्हणजे या वेळी नॉर्मल डिलिव्हरी चालेल ना?" तुझ्या सासूबाई बाहेरच बसल्या होत्या म्हणून गप्प राहिले. आता लिहिते.

पोटावरचे टाके काही सांगत नाहीत गं. आत गर्भपिशवीवर छेद कुठे घेतला ते बघायचं. खालच्या भागात आडवा असेल तर प्रयत्न करता येतो. वर उभा असेल तर नॉर्मलचा विषय संपला. डिस्चार्ज कार्डावर हे एका ओळीत आटपलेलं असतं. छेद वाढवावा लागला का, टाके कसे घातले, हे ऑपरेशनच्या सविस्तर नोंदीत असतं. तो कागद आण.

सासूबाई सिझर म्हणतात, मैत्रीण नॉर्मल म्हणते, तू रात्र रात्र जागतेस. दोघींपैकी कागद कुणी पाहिलाय?

माझं पहिलं सिझर १९९१ साली माहेरी झालं. १९९४ मध्ये इथे पुण्यात कळा सुरू असताना डॉक्टरांनी विचारलं, आधीचा छेद कुठला? मला सांगता येईना. तो दवाखाना तोवर बंद झाला होता. पुन्हा सिझर. डॉक्टरांचं काही चुकलं नाही. माझंही चुकलं असं मी मानत नाही, तेव्हा बाईमाणसाने कागद मागायची रीतच नव्हती. पण कळा चांगल्या येत होत्या गं. ते अजून मनातून जात नाही.

एकच आडवा छेद असेल तर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींची नॉर्मल होते. तुझं पहिलं बाळ पायाळू होतं म्हणून सिझर झालं, हेही तुझ्या बाजूचं. जुना छेद उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला. पण उसवला तर हाताशी मिनिटंच असतात. म्हणून हॉस्पिटलला स्पष्ट विचार: रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ तिथेच असतात का, की घरून बोलवावे लागतात? रक्ताची सोय? बाळाचे ठोके सतत बघणार का? कळा आणायचं औषध देणार असतील तर आधी नीट बोलून घे, त्याने धोका वाढतो. आणि धायरीहून निघायला उशीर करू नकोस, सिंहगड रोड तुला माहीत आहे.

पण हे सगळं कागदानंतर. कागद नसताना तू नॉर्मलचा हट्ट धरलास तर मी तुझ्या बाजूने बोलणार नाही.

डॉक्टरांच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल पेशंटची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते आणि मागितली की ७२ तासांत द्यावी लागते. तुझी लेक अडीच वर्षांची झाली. हिशोब तूच कर, आणि "बघू" म्हणू नकोस.

आज आईला फोन करून कपाटातली फाईल बघायला सांग. नसेल तर तुझं सिझर झालं त्या हॉस्पिटलात जायला सोमवारी स्वारगेटहून बारामतीची गाडी धरू. अर्ज मी लिहून ठेवते, सही तेवढी तुझी.

तुझी,
काकू