शीतकक्ष गार का होत नाही?

प्रश्न : भाजीसाठी विटांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष (विजेशिवाय गार राहणारा दुहेरी भिंतींचा कप्पा) बांधला. रोज पाणी मारूनही आत गारवा नाही. काय चुकलं असेल?

उत्तर : बहुधा बाहेरून गिलावा केला असणार. विटेतून झिरपलेलं पाणी वाऱ्यावर उडतं, तेव्हाच गारवा येतो. सिमेंटने ती वाटच बुजते. गिलावा खरवडून काढा. दोन भिंतींमधल्या ७.५ सेंटिमीटर फटीत चाळलेली नदीची वाळू हवी. मातकट वाळू गच्च बसते. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवा, तोंडावर ओलं गोणपाट टाका, वर गवताची सावली करा. भाजी ठेवण्याआधी आठवडाभर आत-बाहेर थर्मामीटर टांगून दुपारी ३ वाजता नोंद घ्या. मेथी, टोमॅटो चालतील. कांदा नको, दमटपणाने सडतो. कोकणात पावसाळ्यात मात्र दमट हवेत पाणी उडतच नाही, हा खटाटोप फुकटच!