जमानत नाही भेटली, मंजे पोट्टा गुन्हेगारच ना?

गडचिरोली जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करते म्हटल्यावर नक्षल केसमधल्या घरची माणसं येतातच आणि हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता लिहूनच टाकते. एक मावशी होती (ओळख पटेल असं सगळं बदललंय), दोन एकर धान, पोरगा यूएपीएमध्ये (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा) दोन वर्षं आत. पहिल्या भेटीत बोललीच नाही, खताच्या थैलीतून कोर्टाचे कागद काढून मांडीवर घेऊन बसली नुसती. झोप नाही, लग्नाकार्याला जाणं बंद, रोवणीलाही बाहेर पडायची नाही.

चौथ्या-पाचव्या वेळी तोंड उघडलं. "जमानत नाही भेटली ना जी मॅडम. मंजे जजसाहेबालेही पटलंच, पोट्ट्यानं केलं मनून."

गाठ इथंच असते. माझं पहिल्यापासून मत आहे, माणूस घटनेनं जेवढा खचतो त्याहून जास्त आपण तिचा जो अर्थ लावतो त्यानं खचतो, नुसतं "धीर धरा" म्हणणाऱ्यांचं मला कधी पटलं नाही. म्हणून आधी मीच वकिलाकडून समजून घेतलं. यूएपीएच्या कलम 43ड(5) प्रमाणे पोलिसांचे कागद पाहून आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तरी जामीन अडतो, आणि 2019 च्या वटाली निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की या टप्प्यावर पुराव्याची बारीक चिरफाड करायची नाही. साक्षीदार उभा राहिला नाही, उलटतपासणी झाली नाही, मग तो निकाल कसा?

पण हे मी सांगून काय उपयोग. पुढच्या वेळी आदेश उघडला, इंग्रजीत होता, एकेक ओळ मराठीत सांगत गेले. शेवटी होतं की वरची निरीक्षणं फक्त या अर्जापुरती, खटल्यावर त्यांचा परिणाम होऊ नये. तिनं ती ओळ तीनदा वाचायला लावली, मग बोट ठेवून बसली त्यावर, अक्षरं येत नसताना.

"मंजे निकाल बाकी हाय?"

"बाकी आहे मावशी."

"मंग मी काहून आतापासून तोंड लपवून रायली?"

मी गप्प बसले. अशा वेळी गप्प बसणं शिकायला मला बरीच वर्षं लागली.

"सुटेलच" असं मात्र मी कुणाला सांगत नाही. प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतरांवरच्या नक्षल केसमध्ये गडचिरोलीच्या कोर्टानं 2017 मध्ये शिक्षा दिली, नागपूर खंडपीठानं 5 मार्च 2024 ला सगळ्यांना निर्दोष सोडलं, पण त्यातला पांडू नरोटे 2022 मध्येच कैदेत असताना वारला होता. मावशीला हे माहीत होतं, तिनंच विचारलं, आणि मी टाळलं नाही.

घरच्यांनी एवढं करावं: अटकेचा दिवस लिहून ठेवा, चार्जशीटला 90 दिवस असतात, कोर्टानं वाढवले तर 180, त्यात आली नाही तर जामिनाचा हक्क मिळतो पण अर्ज लगेच करावा लागतो. खटला रखडलाच तर 2021 च्या नजीब निकालाबद्दल वकिलाला विचारा, लांबलेल्या कैदेवरून तिथं जामीन टिकला होता. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, त्यात लाज कसली.

मावशी त्या हंगामात रोवणीला गेली. कागद अजून खताच्याच थैलीत आहेत, फक्त त्या ओळीखाली नातीनं लाल पेनानं रेघ मारून दिलीय.