मशिनं राहू द्यात, आधी गिऱ्हाईक आणि खोली बघा

तुमच्या मंडळाकडे अडीच लाख जमलेत आणि तालुक्यातल्या तृतीयपंथीयांसाठी वीस शिलाई मशिनं घेऊन तीन महिन्यांचा वर्ग काढावा का, असं तुम्ही विचारलंय. या कामात बरीच वर्षं गेल्यावर माझं स्पष्ट मत आहे की मशिनं आत्ता घेऊ नका.

शिकण्यात फारसं काही अडत नाही, अडतं ते पुढे. वर्ग संपतो, प्रमाणपत्रं वाटून होतात, फोटो निघतात आणि शेजारच्या गल्लीतली एकही बाई ब्लाउज शिवायला टाकत नाही. मग अडचणीच्या महिन्यात मशीन विकलं जातं. म्हणून आधी ठरलेलं, बांधलेलं काम शोधा. माझ्या ओळखीची एक तृतीयपंथी जत्रेत शे-दोनशे माणसांचा स्वयंपाक सहज उरकायची. तिला एका वसतिगृहाचे रोजचे चाळीस डबे मिळवून दिले. भांडवल म्हणून दोन शेगड्या, सिलिंडर, डबे आणि अन्न परवान्याची नोंदणी, एवढंच लागलं. सुरुवातीला ती डबे रिक्षावाल्याच्या हाती पाठवायची, स्वतः फाटकापर्यंतही यायची नाही. आता पोरंच तिला "मावशी, उद्या पिठलं कराल का?" म्हणून फोन करतात. वसतिगृहाकडून आम्ही एकच अट मान्य करून घेतली होती, ती म्हणजे पैसे दर शनिवारी द्यायचे.

ती अट का, हे नीट समजून घ्या. बाजार मागणं, म्हणजे दुकानोदुकानी, सिग्नलवर पैसे मागत फिरणं, हे रोजच्या रोख पैशाचं काम आहे. त्यातूनच खोलीचं भाडं, गुरूचा (ज्याच्या आसऱ्याला चेले राहतात त्या वडीलधाऱ्या तृतीयपंथीयाचा) वाटा, औषधपाणी चालतं. तीन तारखेला नोकरीला लागलेल्या माणसाचा पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला होतो. तोवर खायचं काय? पंधराव्या दिवशी कुणी पुन्हा सिग्नलवर दिसलं की "यांना कष्ट नकोत" म्हणणारे लोक हा हिशेब करत नाहीत, याचा मला फार राग येतो.

दुसरी गोष्ट खोलीची. कोची मेट्रोने २०१७ मध्ये तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या, देशभर कौतुक झालं. पण कुणी भाड्याने घर देईना आणि लॉजचं भाडं पगारात परवडेना, म्हणून काहींनी थोड्याच दिवसांत काम सोडलं. तेव्हा तुमच्या रकमेतला निम्मा भाग खोल्यांची अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांचा खर्च यांसाठी बाजूला काढा. घरमालकाशी बोलायला मंडळाचे अध्यक्ष स्वतः जाऊ देत. गावात त्यांच्या शब्दाला असलेली किंमत इथे पैशापेक्षा जास्त कामाला येईल.

काम कुठून आणायचं? नगरपालिकेपासून सुरुवात करा. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल (अस्वच्छता करणाऱ्यांवर लक्ष ठेवणारे) म्हणून घेतलं. ओडिशात कटकला तर 'बहुचरामाता' हा त्यांचाच बचत गट पालिकेचा मैला प्रक्रिया प्रकल्प चालवतो. मला कटकची पद्धत जास्त पटते, कारण काम थेट गटाला मिळतं, मध्ये ठेकेदार नाही. तुमच्याकडे वाहनतळ, बागेची देखरेख, पाणीपट्टीच्या बिलांचं वाटप असं काही मागता येईल.

कागदपत्रांना वेळ लागतो, तेव्हा ते काम आजच सुरू करा. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून तृतीयपंथी असल्याचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं, अर्ज त्यासाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर भरायचा असतो. त्याच्या आधारे आधार, पॅन आणि बँकखात्यावर एकच नाव आणता येतं. बँकेत काउंटरवरून जुन्या नावाने मोठ्याने हाक मारली की अख्खी रांग वळून बघते. त्या क्षणी उठून गेलेलं माणूस पुन्हा त्या शाखेत पाऊल ठेवत नाही, हे मी पाहिलंय. पहिल्या वेळी तुमच्यापैकी कुणीतरी सोबत जा आणि शाखाधिकाऱ्याला आधी भेटून ठेवा.

गुरूंना वगळून मात्र काहीही करू नका. घरच्यांनी हाकललेल्या पोरांना त्यांनीच आसरा दिलेला असतो, आजारपणात तेच घर उशाशी बसतं. चेल्याने परस्पर काम धरलं तर जमातीत दंडही बसू शकतो. आधी त्यांच्या घरी जा, जमिनीवर बसून चहा घ्या, काय करायचंय ते मोकळेपणाने सांगा आणि त्यांचं ऐका. काही गुरू नकार देतील, काही स्वतःहून दोन चेले पाठवतील. त्यांच्यातल्या दोघींना सहीच्या अधिकारासह तुमच्या समितीत घ्या. तृतीयपंथीयांत पदवीधरही असतात, सगळ्यांना झाडू किंवा सुई देण्याआधी कोण काय शिकलंय ते विचारा.

ज्यांची पन्नाशी उलटलीय, गुडघे गेलेत, त्यांना नव्या धंद्यात ओढू नका. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तृतीयपंथीयांचा समावेश आहे. तहसील कचेरीत त्यांचे अर्ज भरून द्या आणि मंजुरी हातात पडेपर्यंत पाठपुरावा करा.