पाच वर्षांची मुलगी सुईला फार घाबरते. रक्त तपासणीच्या वेळी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मागच्या वेळी तिला आडवं झोपवून तिघांनी धरलं होतं आणि आता लॅबचं दार दिसलं तरी ती रडायला लागते. माझ्या मते सुरुवात तिथूनच करा. टोचल्याचं दुखणं थोड्या वेळात थांबतं, पण दाबून धरल्याची भीती मनात राहू शकते. म्हणून या वेळी रक्त मांडीवर बसवूनच काढायचं. लॅबला आधी फोन करून तसं सांगा आणि लहान मुलांचं रक्त काढायची सवय असलेली व्यक्ती कधी असते ते विचारून तीच वेळ घ्या.

बसायची पद्धत अशी: शक्यतो बिनहाताच्या खुर्चीत पाठ टेकून बसा. मुलगी तुमच्याकडे तोंड करून मांडीवर, तिचे पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. तिचा एक हात तुमच्या गळ्यात, दुसरा तुमच्या काखेखालून बाजूच्या टेबलावर सरळ. तुमची मिठी घट्ट हवी, म्हणजे खांदा हलत नाही. टेबलावरच्या हाताचं मनगट आणि कोपराची वरची बाजू दुसऱ्या कोणीतरी स्थिर ठेवायची. हे काम तुम्ही करू नका, तुम्ही फक्त तिचे आई-बाबा राहा. सुई तुमच्या पाठीच्या बाजूला राहते, त्यामुळे ती तिला दिसतही नाही.

त्वचा बधिर करणारं क्रीम मिळतं, त्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा. लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असलेलं क्रीम यासाठी वापरतात. ते चोळायचं नाही. कोपराच्या खोबणीत जाड थर देऊन वर पारदर्शक पट्टी लावायची आणि किमान ६० मिनिटं ठेवायचं. वीस मिनिटांत पुसून टाकलं तर उपयोग होत नाही, आणि 'क्रीम लावूनही दुखलं' अशी तक्रार बहुतेक वेळा याच घाईतून येते. शीर नेमकी कुठे सापडेल ते आधी माहीत नसतं, म्हणून दोन्ही हातांना लावलेलं बरं, पण एकूण किती लावायचं ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. क्रीममुळे त्वचा पांढरी पडून शिरा थोड्या आकसतात. पुसल्यावर पाच-दहा मिनिटं थांबलं की त्या पुन्हा दिसू लागतात.

उपाशीपोटी तपासणी असली तरी साधं पाणी सहसा चालतं, पण विचारून घ्या. पाणी पोटात असलं आणि हात उबदार असला की शीर लवकर सापडते. थंड खोलीतून आलात तर दहा मिनिटं हात शालीत गुंडाळून ठेवा.

तिला सांगायचं कधी? पाच वर्षांच्या मुलीला त्याच दिवशी सकाळी. आठवडाभर आधी सांगितलं तर ती आठवडाभर घाबरत राहील. काही न सांगता नेलं तर पुढच्या वेळी 'जरा बाहेर जाऊन येऊ' यावरही विश्वास उरणार नाही. 'दुखणार नाही' हे वाक्य टाळाच. त्याऐवजी सांगा: "पट्टा बांधतील तेव्हा हात घट्ट वाटेल. कापसाने पुसतील तेव्हा गार लागेल. मग टोचल्यासारखं होईल, तेव्हा आपण दोघी जोरात फुंकर मारू." निवड खरी असेल तिथेच द्या: कोणता हात, कोणती गोष्ट ऐकायची. 'सुरू करूया का?' हे विचारू नका. ती नाही म्हणाली तर तुमच्याकडे उत्तर नसतं.

प्रत्यक्ष वेळी एकाच माणसाने बोलावं. चार जण एकदम 'झालं झालं, रडू नको' म्हणाले की मुलाला आणखी भीती वाटते, कारण या शब्दांतून मोठ्यांचीच काळजी ऐकू येते. साबणाचे फुगे उत्तम, कारण फुगा करायला लांब श्वास सोडावा लागतो आणि त्याने अंग सैल पडतं. ती रडली तर रडू द्या, हात स्थिर असला की पुरे.

तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. स्पिरिट पूर्ण वाळू द्यावं, अर्धा मिनिट तरी, नाहीतर टोचताना चुरचुरतं. दंडाचा पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त घट्ट राहू नये. आणि मूठ सारखी उघड-मीट करायला लावू नये, त्याने पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसू शकतं. दोन प्रयत्नांत शीर सापडली नाही तर 'आता थांबूया, दुसऱ्या कोणाला बोलवा' असं स्पष्ट सांगा. तपासणी तातडीची नसेल तर दुसऱ्या दिवशी यायलाही हरकत नाही. चेहरा पांढरा पडला, घाम आला तर लगेच आडवं करून पाय उंच करा.

सुई निघाल्यावर हात सरळ ठेवून कापूस दोन-तीन मिनिटं दाबून धरा. कोपरात दुमडू नका, त्याने रक्त साकळून काळंनिळं होतं.

घरी आल्यावर तिला काय जमलं ते नेमकं सांगा: "हात अगदी स्थिर ठेवलास, पाच फुंकरा मारल्यास." रात्री तिनेच विषय काढला तर हाच भाग आधी आठवून द्या, कारण पुढच्या खेपेला ती जी आठवण घेऊन जाईल ती अशीच तयार होते.