४ कप आंबा म्हणजे किती किलो?

ताई, तुमच्या अमेरिकन रेसिपीत जॅमसाठी ४ कप चिरलेला आंबा आणि ३ कप साखर सांगितलीय आणि आंबे किती किलो आणायचे ते तुम्हाला हवंय. हापूस किंवा पायरी असेल तर किलोभर आणा. बेळगावच्या गणपत गल्लीत डझनाच्या भावाने घेत असाल तर मध्यम ४-५ आंबे पुरतात. साखर ६०० ग्रॅम.

हिशेब असा. चिरलेल्या आंब्याचा एक कप साधारण १६५ ग्रॅम भरतो, म्हणजे ४ कपांचे ६६० ग्रॅम. साल आणि कोय गेल्यावर हापूसमधून ६०-७० टक्के गर हाती लागतो, म्हणून किलोभर. आपल्याकडचा रायवळ घेतलात तर दीड किलोच्या खाली येऊ नका, त्यात सगळी कोयच असते.

घोटाळा होतो तो पुढे. फोडींच्या मध्ये पोकळी राहते, रसात ती नसते. त्यामुळे आंब्याच्या रसाचा कप २५० ग्रॅमच्या आसपास जातो. तुम्ही आधी मिक्सरला फिरवून मग ४ कप मोजलेत तर फळ किलोभर होईल आणि साखर तीच ६००. मग जॅम आटता आटत नाही, आणि कमी आटवून बाटलीत भरला की लवकर बुरशी धरते. रेसिपीत कपाने बघितलं तर साखर फळाच्या पाऊणपट दिसते, पण वजनाने जवळजवळ बरोबरीची आहे. ती उगाच नाही. आपल्या सरकारी नियमातही जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के लागतात, आणि त्यातला मोठा वाटा साखरेचाच.

म्हणून चिरून झालं की तोला, कप विसरा. वजनकाटा नसेल तर एक किलो साखरेचे पाच कप होतात, एवढं ध्यानात ठेवा. घरातली स्टीलची वाटी किती मोठी आहे ते त्यावरून लगेच कळतं: किलोची पिशवी सपाट भरून पाच वाट्यांत संपली तर ती अमेरिकन कपाएवढी. चारच झाल्या तर तुमची वाटी मोठी आहे.

आपल्या साखरांब्याचं 'वाटीला वाटी' कुठल्याही वाटीने चालतं, कारण दोन्हीकडे माप एकच. फक्त कीस दाबून भरायचा की सैल, हे दरवेळी सारखं ठेवा की. खानापूरकडच्या जांभळांना आणि करवंदांना मात्र असे ठोकताळे लावू नका. बिया काढून जे उरेल तेच तोलायचं. फणसाचंही तेच, गरे सोलून मग बोला.

आंब्याचा सीझन संपला असेल तर ८५० ग्रॅमच्या डब्यातला रसही चालेल, पण त्यातला ६६० ग्रॅमच तोलून घ्या. अख्खा डबा कपाने साडेतीनच्या जरा आतच भरतो. पण बहुतेक डब्यांत साखर आधीच घातलेली असते, तेव्हा लेबल वाचून ६०० मधून तेवढी वजा करा.