शेजाऱ्याची सही नसेल तर बांधकाम परवानगी अडते का?

प्रश्न: सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत वडिलांचा एनए (बिगरशेती) प्लॉट आहे. जुने घर पाडून दुमजली बांधायचे आहे. ‘मला न विचारता नकाशा टाकलाच कसा?’ म्हणत शेजारच्या काकांनी हरकत घेतली. आता नगरपरिषदेत तोंडी सांगतात, शेजाऱ्याचा ना-हरकत दाखला आणा. काका सही देणार नाहीत. काय करू?

उत्तर: तुम्ही काकांना विचारायलाच हवे होते, असे कायदा म्हणत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज होतो आणि कलम ४५ खाली निर्णय. या दोन्ही कलमांत शेजाऱ्याची संमती कुठेही नाही. बाधितांना नोटीस आणि सुनावणी आहे ती कलम ३७ मध्ये, म्हणजे विकास आराखड्यातच फेरबदल करायचा असेल तेव्हा. तुमचा तो विषय नाही. मात्र सामाईक हद्दीवर भिंतीला भिंत लावून बांधणार असाल, तर काकांची लेखी संमती लागेल.

तोंडी सांगण्यावर धावपळ करू नका. ‘कोणत्या नियमाखाली हा दाखला मागता, ते लेखी कळवा’ असा अर्ज आवक शिक्क्यासह द्या. बऱ्याच वेळा मागणी तिथेच विरते. परवानगी नाकारलीच, तर कारणे लिहून द्यावी लागतात आणि आदेश कळल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली अपील करता येते. साठ दिवस उत्तर आले नाही की परवानगी मिळाली असे समजायचे, हा सल्ला तुम्हाला कट्ट्यावर कोणीतरी देईलच. तरतूद आहे, पण बांधकाम नियमात तंतोतंत बसत असेल तरच. त्या भरवशावर पाया खोदू नका.

मला खरी काळजी वेगळ्या सह्यांची वाटते. प्लॉट अजून वडिलांच्या नावावर आहे की वारसनोंद झाली? मिळकत पत्रिकेवर आई, भाऊ, बहीण यांची नावे असतील, तर अर्जावर त्या सर्वांच्या सह्या लागतील. लग्न होऊन गेलेली बहीण यात हमखास विसरली जाते.

काकांचे दुखणे बहुधा हद्दीचे असेल. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. त्या मोजणीत लगतदारांना कार्यालयच नोटीस काढते. काका हजर राहिले तर उत्तम; नाही राहिले तरी नोटीस बजावल्याचा कागद उरतो. काकांची एखादी खिडकी तुमच्या बाजूला असेल, तर ती किती वर्षांची आहे तेही विचारा. वीस वर्षे विनाअडथळा उजेड-वारा घेतला असेल, तर सुविधाधिकार कायदा, १८८२ त्यांच्या बाजूने उभा राहू शकतो. तुमचे सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) नियमाप्रमाणे असले, तरी तो दावा आपोआप संपत नाही.

ते कोर्टात जाण्याची भाषा करत असतील, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज, कोर्टात दाखल करा. त्याची नोटीस त्यांना पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवावी लागते. मग मनाईच्या अर्जाची नोटीस आधी तुम्हाला मिळते. कॅव्हेट ९० दिवसच चालते, म्हणून परवानगी हातात येऊन काम सुरू व्हायच्या सुमारास दाखल करा. आणि रजिस्टरचे पाकीट त्यांच्या दारात पडण्याआधी नकाशाची प्रत घेऊन एकदा स्वतः जाऊन या; सही मागू नका, फक्त दाखवा.