ब्रिटिश काळात धर्मादाय निधी राजकारणाकडे वळवला तर सरकार तो जप्त करू शकत असे का?

नुसत्या धर्मादाय कायद्याने नाही. विश्वस्तांना कोर्टात खेचून हिशेब मागता येई आणि त्यांना हटवता येई, जप्तीची वाट वेगळी होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली अॅडव्होकेट जनरलला (सरकारच्या मुख्य वकिलाला) स्वतः दावा लावता येई, किंवा त्याची लेखी संमती घेऊन हितसंबंध असलेल्या दोघांना. मुंबई, मद्रास, कलकत्ता या शहरांबाहेर हेच अधिकार सरकारच्या पूर्वमंजुरीने कलेक्टरकडे, म्हणजे अंकुश शेवटी सरकारच्याच हाती. १९२० च्या धर्मादाय व धार्मिक विश्वस्त निधी कायद्याने एकट्या हितसंबंधी माणसालाही जिल्हा कोर्टाकडून हिशेबतपासणी मागता आली, पण मागच्या ३ वर्षांपुरतीच. थेट जप्ती हवी तर संस्था 'बेकायदेशीर' जाहीर करायची. फौजदारी कायद्याच्या १९३२ च्या दुरुस्तीने तिचा पैसा सरकारजमा करण्याची सोय झाली. तिथे विश्वस्तपत्र कोण वाचतो!

तिसरा चिमटा आयकराचा: हेतू राजकीय ठरला की करमाफी गेली. अखिल भारत चरखा संघाची, म्हणजे गांधीजींच्या खादी संस्थेची, माफी याच वादात अडकली होती. मुंबई हायकोर्टात संघ हरला, पण १९४४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने) हेतू गरिबांना काम देण्याचा, म्हणून धर्मादाय मानला. काँग्रेसशी नातं आड आलं नाही.

मात्र कलम ९२ सार्वजनिक धर्मादाय किंवा धार्मिक विश्वस्त निधीलाच लागे. काँग्रेसच्या टिळक स्वराज्य फंडासारखा उघड राजकीय कामासाठी जमवलेला पैसा 'वळवला' असं म्हणताच येत नसे.